सोमवारचा कॅन

बफरचा धडा मी कोथरूडमधल्या एका बंगल्याच्या गॅरेजमध्ये इतकी वर्षं शिकवला होता, की झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगितला असता. गॅरेजमध्ये सहा बाकं, एक फळा, आणि समोर बारावीची पोरं. नव्वदचं दशक संपत आलं होतं आणि झाडून सगळ्यांना कॉम्प्युटर इंजिनिअर व्हायचं होतं. केमिस्ट्री म्हणजे टक्केवारी भरून काढण्यापुरता विषय, असं त्यांच्या तोंडावर लिहिलेलं असायचं. मी तरीही टेबलावर दोन बीकर ठेवायची. दोन्हींत तेच द्रावण, ॲसिटिक आम्ल आणि त्याचं मीठ, फक्त एकातलं दाट आणि दुसऱ्यातलं पाणी घालून पातळ केलेलं. पीएच दोन्हींचा जवळजवळ सारखाच. रंगासाठी मिथिल ऑरेंजचे दोन थेंब टाकले की दोन्ही बीकर सारखेच पिवळे दिसायचे. मग मी ड्रॉपरने आम्ल टाकायला लागायची. पातळ बीकर चार-दोन थेंबांत लाल व्हायचा. दाट बीकर पिवळाच राहायचा, आणखी टाका, आणखी टाका, तरी पिवळा. मग अचानक एका थेंबाला तोही जायचा.

"पीएच सांगतो आत्ता कसं आहे," मी सांगायची. "बफर क्षमता सांगते अजून किती सोसेल. दिसायला सारखे असले तरी सोसणं सारखं नसतं."

"मॅडम, बोर्डाला येतं का हे?"

"येतं. दोन मार्कांना. झोपलात तरी चालेल."

असा माझा तो बफर. दोन मार्कांचा. तो माझ्या घरात येऊन बसेल असं कुणी सांगितलं असतं तर मी त्याला गॅरेजबाहेर काढलं असतं.

हे, म्हणजे माझे यजमान, ड्राफ्ट्समन होते. भोसरीच्या एका कारखान्यात वीस वर्षं उभ्या बोर्डावर ड्रॉइंग काढलेली. तिथे कॉम्प्युटर आले आणि साहेबांनी गोड आवाजात सांगितलं की आता सगळ्यांनी शिकून घ्या, नाहीतर कठीण आहे. ह्यांनी डेक्कनवर क्लास लावला. पन्नाशीजवळ आलेला माणूस, शेजारी मिसरूड न फुटलेली पोरं. पहिल्या दिवशी घरी आले ते चहा न पिताच म्हणाले, "अगं, चुकलेली रेघ पुसली तर रबराचा भुगाच पडत नाही. कुठे जाते ती रेघ?" त्या महिन्यात त्यांचे पाय सुजायला लागले. आम्ही म्हटलं, बसून बसून सुजत असतील. तोंडाला चव नाही, म्हटलं, पित्त असेल. तपासण्या झाल्या तेव्हा डॉक्टरांनी कागद बाजूला ठेवला आणि दोन्ही किडन्या गेल्या आहेत असं सरळ सांगितलं. आठवड्यातून दोनदा डायलिसिस. सोमवार आणि गुरुवार.

शरीर रोज आम्ल तयार करतं. रक्तातला बायकार्बोनेटचा बफर ते सोसतो, आणि खर्च झालेला बफर किडन्या भरून देतात. किडन्या गेल्या की भरून देणारं कुणी नाही. मी हे शिकवत होते, अहो. मला कुणी समजावून सांगायची गरजच नव्हती आणि तेच वाईट होतं. शेजारच्या बायका "होईल सगळं ठीक" म्हणायच्या आणि त्यांना खरंच तसं वाटायचं. मला बीकर दिसायचा.

त्या ट्रस्टच्या हॉस्पिटलात तळमजल्यावर डायलिसिसची चार मशिनं होती. तीन जुनी, ॲसिटेटवर चालणारी. एक नवं, बायकार्बोनेटवर चालणारं. रक्तातला बफर भरून निघतो तो ह्याच द्रावणांतून. ॲसिटेट सोयीचं. कॅनमध्ये भरून महिनोन्महिने ठेवा, काही होत नाही. पण ते रक्तात गेल्यावर शरीराला त्याचं बायकार्बोनेट करत बसावं लागतं, आणि अशक्त माणसाला ते झेपत नाही. ह्यांना तर अजिबात झेपायचं नाही. दुसऱ्या तासाला बीपी उतरायचं, उलट्या व्हायच्या, आणि पोटऱ्यांत असे गोळे यायचे की हा अबोल माणूस दात आवळून हुंकार द्यायचा. मी पायथ्याशी स्टूल टाकून त्यांचे पाय दाबत बसायची. डायलिसिस चार तास, त्यातले दोन तास मी पाय दाबत असायची. संध्याकाळी खडूही हातात धरवायचा नाही.

डॉक्टरांच्या मागे लागून लागून मी ते नवं मशीन मिळवलं. काय काय बोलले ते विचारू नका. ह्यांचं हृदय मुळात कमजोर होतं म्हणून नंबर लागला, पण मी तिथे दारात उभी राहिले नसते तर कागदावरच कमजोर राहिलं असतं. पहिल्या गुरुवारी नव्या मशीनवर हे चार तास झोपले. उलटी नाही, गोळे नाहीत. उठून म्हणाले, "मॅडम, भूक लागली." मला ते नेहमी चिडवायला मॅडम म्हणायचे. हॉस्पिटलच्या कॅन्टीनमध्ये आम्ही इडली खाल्ली, सांबाराशिवाय, कारण सांबार त्यांना बंद होतं. त्या इडलीएवढी चांगली इडली मी नंतर खाल्लेली नाही.

हे पुन्हा डेक्कनच्या क्लासला जायला लागले. वाटायला लागलं की असं चालेल. अशीही माणसं वर्षानुवर्षं जगतात, डॉक्टरांनीच सांगितलं होतं. सोसायटीतले लोक शहाळी घेऊन भेटायला यायचे. पुण्यात माणूस आजारी पडला की आधी शहाळं येतं, माणूस मागून येतो. आता किडनीच्या माणसाला शहाळं म्हणजे विषच, त्यातल्या पोटॅशियमने हृदय बंद पडतं. दर वेळी समजावून सांगून माझं डोकं फिरलं आणि मी दाराला पाटी लावली: 'शहाळी आणू नयेत. आणल्यास स्वतः प्यावीत.' हे वाचून हसले. म्हणाले, "येणारे लोकही बंद होतील." झाले नाहीत. मोसंबी आणायला लागले. तीही चालत नव्हती.

पण सोमवारी काहीतरी बिनसायचं. गुरुवार छान जायचा. सोमवारी मशीन लावून तासभर झाला की ह्यांना हुडहुडी भरायची. दात वाजायचे, पलंग हलायचा. दोन ब्लँकेटं घातली तरी तेच. मग ताप, आणि मंगळवार-बुधवार नुसते पडून. एकदा झालं, दोनदा झालं. डॉक्टर म्हणाले, होतं असं कधी कधी. मी म्हटलं, कधी कधी नाही, सोमवारी सोमवारी होतं. ते म्हणाले, "बाई, शरीराला वार कळत नाही."

शरीराला कळत नसेल. मला कळत होता.

बायकार्बोनेट कॅनमध्ये तयार येत नाही. त्याची पावडर असते, ती शुद्ध पाण्यात विरघळवून त्याच दिवशी वापरायची असते. ठेवून दिलं की त्यातून वायू निघून जातो, पीएच चढतो, आणि जिवाणूंना ते आंदण मिळतं. हे मला माहीत होतं. सोमवारचा कॅन कधी भरतात, हे माहीत नव्हतं. मी क्लासमधल्या फिनॉल्फ्थॅलीनची, पीएच चढला की गुलाबी होणाऱ्या थेंबांची, बाटली पर्समध्ये टाकली. गुरुवारी कॅनमधलं थोडं द्रावण औषधाच्या टोपणात घेतलं आणि एक थेंब टाकला. रंग जवळजवळ नाहीच, पाहावं तर आहे, नाहीतर नाही. सोमवारी तेच केलं. टोपण गुलाबी झालं. चांगलं गडद गुलाबी.

हे पलंगावरून बघत होते. म्हणाले, "रंग छान आहे. अशी साडी घे."

मी टेक्निशियनला बाजूला घेतलं. शिवण्याच्याही पलीकडच्या गावचा माणूस, पहिल्या बसने यायचा. स्वभावाने गरीब, हातांनी हुशार. सुई अशी घालायचा की ह्यांना कळायचंही नाही.

"हा कॅन कधी भरलास?"

"शनवारी."

"शनिवारी? आज सोमवार आहे."

"मॅडम, सोमवारी सकाळी पानी कमी असतंय. शुद्ध पान्याचं मशीन तयार व्हायला वेळ लागतो, आन पयली शिफ्ट सातला हाय. बस लेट झाली तर पेशंट खोळंबत्यात. म्हनून जाताना भरून ठेवतो. ॲसिटेटचा कॅन बी तसाच ठेवतो की आपन."

बस. एवढंच होतं. ॲसिटेट टिकतं म्हणून हेही टिकेल. वर्षानुवर्षं एकच कॅन हाताळलेल्या माणसाने दुसरा कॅन तसाच हाताळला. मला राग आला पण कुणावर काढायचा तेच कळेना. त्याने तर पेशंट खोळंबू नयेत म्हणूनच केलं होतं.

मी थेट डॉक्टरांकडे गेले. दोन टोपणं समोर ठेवली, एक जवळजवळ पाण्यासारखं, एक गुलाबी. गॅरेजमध्ये शिकवते तसं सगळं शिकवलं. शिळ्या कॅनमुळे थंडी वाजते असं शपथेवर सांगू शकणार नाही, पण हा कॅन शिळा आहे हे रंगच सांगतोय, असं म्हटलं. त्यांनी शांतपणे ऐकलं. "तुम्ही चांगलं लक्षात आणून दिलंत," असंही म्हणाले. मी तरंगत बाहेर आले. ह्यांना सांगितलं, झालं काम.

गुरुवारी गेलो तर नव्या मशीनवर चादर घातलेली. तक्रार आल्यामुळे मशीन बंद. मुंबईहून कंपनीचा माणूस येऊन तपासेपर्यंत सगळे पेशंट ॲसिटेटवर.

करायला गेले गणपती आणि झाला मारुती. मी डॉक्टरांना म्हटलं, मशीन चांगलं आहे हो, कॅन शिळा होता. ते म्हणाले, तक्रार लेखी वर गेली आहे, आता मला काही करता येत नाही. म्हटलं, मी तक्रार मागे घेते. ते म्हणाले, अशी मागे घेता येत नाही. भीक नको पण कुत्रा आवर, अशी गत झाली माझी.

त्या दिवशी ॲसिटेटवर ह्यांचं बीपी तिसऱ्या तासाला कोसळलं. डोळे वर गेले. मी पाय दाबत होते आणि पाय माझ्या हातात गार होत गेले. सिस्टर धावली, पलंगाची डोक्याकडची बाजू खाली केली, सलाइन चढवलं. हे परत आले. डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा मिटले. मी बाहेर जिन्यात जाऊन बसले आणि भिंतीवर डोकं आपटून घेतलं. खरंच आपटलं. मीच त्यांना चांगल्या मशीनवरून उठवून इथे आणलं होतं, बरोबर असून. चुकले असते तर निदान तोंड बंद ठेवलं असतं.

डायलिसिस झालं की जिन्यात एक मुलगी येऊन बसायची. पंचविशीची, बाणेरकडच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत नोकरीला, तीही आमच्याच शिफ्टला ॲसिटेटवर. हे तिला कॉम्प्युटरच्या शंका विचारायचे. चुकलेली रेघ कुठे जाते, हेही विचारलं होतं. ती म्हणाली होती, "काका, ती आत असते, अनडू केलं की परत येते." ह्यांना ते फार आवडलं होतं. त्या दिवशी ती स्वतःची ओकारी पुसत माझ्या शेजारी बसली. म्हणाली, "काकू, ते मशीन सुरू झालं ना, तर यादीत काकांनंतर माझा नंबर आहे."

सोमवार पुन्हा येणार होता. आणखी एक ॲसिटेट ह्यांना झेपणार नाही, हे डॉक्टरांच्या चेहऱ्यावर मी वाचलं होतं. मी रविवारी टेक्निशियनच्या गावी गेले. मोपेडवर, विचारत विचारत. तो अंगणात शेंगा वाळत घालत होता. मला बघून त्याचा चेहरा उतरला, त्याला वाटलं भांडायला आले.

"तुझ्याविरुद्ध मी काही लिहिलेलं नाही," मी म्हटलं. "मशीन चालतं का तेवढं सांग."

"चालतंय की. त्याला काय झालंय?"

"कॅन मी भरीन. दर सोमवारी सहाला येईन. पाणी येईपर्यंत थांबीन. तुझी बस लेट होवो नाहीतर न होवो. तू फक्त मशीन सुरू कर."

त्याने उरलेल्या शेंगा पसरल्या. मग म्हणाला, "डॉक्टरला मी सांगतो. ते बी लई वाईट नाहीत. त्यांना बी कागदानं बांधलंय."

त्याने काय सांगितलं कोण जाणे, पण सोमवारी चादर निघाली. मी सहाला हजर. वॉचमन म्हणाला, "भेटायची वेळ चारची आहे, पाटी वाचा." म्हटलं, "वाचली. घरी मीही लावली आहे." त्याने सोडलं. पावडर विरघळवताना फार घुसळायचं नाही, नाहीतर वायू उडून जातो. पाणी फार थंड असलं तर विरघळत नाही, आणि गरम घेतलं तर वायू जातोच. मी लाकडी पट्टीने हळूहळू ढवळलं, लग्नाच्या पंक्तीची कढी ढवळावी तसं. थेंब टाकून पाहिला. रंग नाही. भरलेला कॅन उचलून मशीनपाशी न्यायचा तर कंबर मोडायची, पण नेला. ह्यांना हुडहुडी भरली नाही. त्या सोमवारीही नाही आणि पुढच्याही नाही.

सोमवारची सकाळची बॅच मी रात्री आठला ढकलली. एका पालकांनी विचारलं, "मॅडम, मुलांचं वर्ष महत्त्वाचं आहे, तुमचं हे किती दिवस चालणार?" मी म्हटलं, "देव करो आणि पुष्कळ दिवस चालो." त्यांना काही कळलं नाही. मुलाला दुसऱ्या क्लासला घातलं.

मी कंबर धरून चालते ते हे बघत होते. एक दिवस क्लासमधून छापून आणलेला कागद माझ्यापुढे धरला. कॅन ठेवायचं स्टँड काढलेलं, चाकांचं, दांडी दाबली की कॅन कलणारं, म्हणजे मला उचलायला नको. कॉम्प्युटरवर काढलेलं त्यांचं पहिलं पूर्ण ड्रॉइंग. मापं, बाण, सगळं नीट. भोसरीतला ओळखीचा वेल्डर म्हणाला, पुढच्या आठवड्यात करून देतो.

पुढच्या आठवड्यात हे गेले. शनिवारी दुपारी. जेवून आडवे झाले होते, मी भांडी विसळत होते. "अगं," अशी हाक आली, नेहमीची, पाणी मागताना देत तशी. मी म्हटलं, "दुपारचं मोजलेलं पाणी संपलं तुमचं, आता रात्री." आणि हात पुसून गेले तर संपलं होतं. हृदय, डॉक्टर म्हणाले. रक्ताचे रिपोर्ट गुरुवारीच आले होते. चांगले होते. बायकार्बोनेट तर इतकं चांगलं कधीच आलं नव्हतं. पीएच सांगतो आत्ता कसं आहे. मीच शिकवते.

रविवार माणसांत गेला. सोमवारी पहाटे मी उठले, तोंड धुतलं आणि मोपेडची किल्ली घेतली. नणंद दारात आडवी आली.

"वहिनी, अगं सुतक आहे. कुठे निघालीस?"

मी म्हटलं, "कॅन भरायचा आहे."

तिला वाटलं मला भ्रम झाला. धरायला लागली. मी तिचा हात सोडवला आणि गेले.

टेक्निशियन आधीच आलेला होता. मला बघून उभाच राहिला. डोळे पुसले, मग खाली बघत म्हणाला, "मॅडम, तुमी कशाला आलात? शनवारी खबर कळली, आता तुमी येनार न्हाई म्हनून मी जातानाच भरून ठेवलाय."

कॅन मशीनच्या शेजारी होता. काठोकाठ. मी कंबरेचा टेकू देऊन तो मोरीपर्यंत नेला आणि ओतून दिला. ओतताना पाणी माझ्या पायांवर उडालं. तो मला अडवायला आला नाही, पावडरचं नवं पाकीट घेऊन आला. पाणी यायला उशीर होता. आम्ही दोघं नळाकडे बघत उभे राहिलो. आलं तेव्हा मी हळूहळू ढवळलं, थेंब टाकला. रंग नव्हता. ह्या वेळी कॅन त्याने उचलला.

नंबरप्रमाणे ती बाणेरची मुलगी त्या पलंगावर आली. आईने तिच्या उशीवर घरची चादर घातली. मुलगी माझ्याकडे बघत नव्हती, तिला लाज वाटत होती, जशी काही तिने जागा हिसकावली होती. शेवटी हळूच म्हणाली, "काकू, आजचं आहे ना?"

"आजचं आहे," मी म्हटलं. "आत्ताचं."

पंप फिरायला लागला. मी सवयीने पायथ्याचं स्टूल ओढलं आणि बसले. पहिला तास गेला, तिला थंडी वाजली नाही. दुसरा गेला, बीपी जागेवर. ती झोपली. मी तिच्या पोटऱ्यांजवळ हात ठेवून वाट बघत होते की आता गोळा येईल आणि मला दाबायला मिळेल. चार तास झाले. गोळा आला नाही. माझे हात चादरीवर तसेच पडून होते.